फेविक्विकने चिकटवलेलं बोट, आणि घरात जखमेचा गोंद ठेवावा का?

प्रश्न थोडक्यात असा: ६३ वर्षांच्या, मधुमेह असलेल्या आईची डाव्या हाताची तर्जनी भोपळा चिरताना विळीवर कापली. रक्त थांबेना, म्हणून धाकट्या भावाने ड्रॉवरमधलं फेविक्विक लावलं. जखम मिटली, रक्त थांबलं. आज तिसरा दिवस. आई म्हणते, अजिबात दुखत नाही. असं चालतं का? आणि अमेरिकेतल्या मावसबहिणीकडे असते तशी जखम चिकटवायची ट्यूब आपणही घरात आणून ठेवावी का?

मी जनरल सर्जन आहे. दवाखाना तालुक्याच्या गावात असल्यामुळे विळी, कोयता, पत्रा, फुटलेली बरणी, सगळ्यांचे पेशंट माझ्याकडे येतात. जखम चिकटवायचा वैद्यकीय गोंद मी स्वतः नेहमी वापरतो, तेव्हा गोंदाशी माझं भांडण नाही. तुमच्या प्रश्नात मला खटकलं ते फेविक्विकसुद्धा नाही. खटकलं ते ‘अजिबात दुखत नाही’ हे वाक्य.

विळीवर इतकं कापलेलं बोट की रक्त थांबत नव्हतं, ते तिसऱ्या दिवशी थोडं तरी हुळहुळायला हवं. ते दुखत नसेल तर तीन शक्यता उरतात. पहिली, जखम खरंच वरवरची होती आणि आईंचं नशीब चांगलं. दुसरी, मधुमेहामुळे बोटांची संवेदना आधीच कमी झालेली आहे; अशा माणसाला आत पू होत असला तरी ठणका उशिरा कळतो. तिसरी, बोटाच्या कडेने जाणारी नस, म्हणजे स्पर्श कळवणारा मज्जातंतू, कापली गेली. प्रत्येक बोटाच्या दोन्ही कडांनी एकेक बारीक नस टोकापर्यंत जाते आणि तिला खेटूनच रक्तवाहिनी असते. म्हणूनच ‘रक्त थांबेना’ आणि ‘दुखत नाही’ ही दोन वाक्यं एकाच बोटाबद्दल ऐकली की सर्जनचे कान टवकारतात.

हे घरी तपासता येतं. आईंना डोळे मिटायला सांगा. जखमेच्या पुढच्या भागात, बोटाच्या टोकाला, आधी एका कडेला आणि मग दुसऱ्या कडेला कापसाची वात हलकेच टेकवा आणि कळतंय का विचारा. मग तसंच दुसऱ्या हाताच्या तर्जनीला करा. दोन्हींत फरक जाणवला तर तो खरा समजा. आणखी एक गमतीची खूण आहे. नस तुटलेल्या भागाला घाम येत नाही, त्यामुळे प्लॅस्टिकचं पेन त्या कातडीवरून सरकवलं तर ते गुळगुळीत घसरतं; चांगल्या बाजूला ते जरा अडखळतं. यानंतर बोट वाकवून बघा. नुसती मूठ वळवून समजत नाही, कारण एक स्नायूबंध (स्नायूची ओढ हाडापर्यंत नेणारी दोरी) तुटला तरी दुसरा बोट थोडंफार वाकवतोच. बोटाचं मधलं पेर धरून स्थिर ठेवा आणि फक्त शेवटचं पेर वाकवायला सांगा. ते वाकलं नाही, किंवा तुमच्या बोटाचा हलका विरोध लावल्यावर कळ आली, तर आतला स्नायूबंध पूर्ण किंवा अर्धवट कापलेला असू शकतो. जोर मात्र लावू नका. अर्धवट कापलेला बंध तपासण्याच्या नादात पूर्ण तुटतो.

यातलं काही चुकीचं आढळलं तर आजच सर्जनकडे जा. नस किंवा स्नायूबंध जोडायचा असेल तर पहिल्या काही दिवसांत काम सोपं असतं. आठवडा-दोन आठवडे गेले की टोकं आत ओढली जातात, आजूबाजूचं मांस घट्ट होतं आणि तेच काम किचकट होऊन बसतं. सगळं नीट आढळलं तरी मधुमेह आहे म्हणून एकदा दाखवून याच, आणि साखर तपासून घ्या. तोवर तो कडक पापुद्रा नखाने उचकटू नका. त्याखालून ओल येत असेल, बोट लाल होऊन फुगलं असेल, लाली मनगटाकडे सरकत असेल, ठणका सुरू झाला असेल किंवा काखेत अवधान (दुखरी गाठ) आलं असेल, तर उद्यापर्यंतही थांबू नका.

आता मूळ प्रश्न. फेविक्विक आणि आमचा गोंद एकाच घराण्यातले आहेत, ही गोष्ट खरी आहे आणि गोंधळ नेमका तिथूनच सुरू होतो. दोन्ही सायनोॲक्रिलेट. १९४२ मध्ये अमेरिकेतल्या ईस्टमन कोडॅक कंपनीत हॅरी कूव्हर बंदुकीच्या दुर्बिणीसाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधत होते. हा पदार्थ हाताला, भांड्याला, उपकरणाला, दिसेल त्याला चिकटायचा, म्हणून त्यांनी तो बाजूला टाकला. १९५१ मध्ये त्यांच्याच गटातल्या फ्रेड जॉयनर यांनी तो प्रकाशाचं वक्रीभवन मोजणाऱ्या महागड्या उपकरणाच्या दोन काचांमध्ये घातला आणि त्या काचा सुटेनात. हा उपद्रव नाही, हाच उपयोग आहे, हे तेव्हा ध्यानात आलं. १९५८ पासून तो गोंद म्हणून विकला जाऊ लागला. व्हिएतनाम युद्धात जखमी सैनिकांचं रक्त थांबवायला त्याचा फवारा वापरला गेला. ‘युद्धात वापरलंय, मग बोटाला का नाही’ असं सांगणाऱ्या व्हिडिओंचं मूळ इथे आहे. तो फवारा कशासाठी होता हे मात्र ते सांगत नाहीत. जवान रक्तस्रावाने दगावण्याऐवजी इस्पितळापर्यंत जिवंत पोचावा, एवढंच त्याचं काम होतं. पुढे जखम भरून येईल का, हा प्रश्न त्या क्षणी कुणी विचारत नसतं.

घराणं एक असलं तरी भावंडांचे स्वभाव वेगळे. या रेणूला कार्बनची एक शेपटी असते. ती आखूड असली, म्हणजे मिथिल किंवा इथिल, तर गोंद झटकन सुकतो, सुकताना चांगला तापतो आणि नंतर लवकर विघटन पावून फॉर्माल्डिहाइडसारखी द्रव्यं सोडतो. ही द्रव्यं कोवळ्या पेशींना मारक असतात. बाजारातले झटपट चिकटवणारे गोंद बहुतेक इथिल जातीचे. शेपटी लांब केली, म्हणजे चार कार्बनची ब्युटिल किंवा आठ कार्बनची ऑक्टिल, तर उष्णता कमी होते, विघटन सावकाश होतं आणि शरीराला ते झेपतं. जखमांसाठी या लांब शेपटीच्याच जाती वापरतात. ब्युटिल युरोपात आणि कॅनडात आधीपासून वापरात होतं. ऑक्टिलला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९८ मध्ये मान्यता दिली. आपल्याकडे दवाखान्यांत जास्त करून ब्युटिलच्या छोट्या कुप्या दिसतात. ऑक्टिल सुकल्यावर थोडं लवचीक राहतं. ब्युटिल काचेसारखं कडक होतं आणि हालचालीच्या जागी त्याला तडे जातात.

दुसरा फरक स्वच्छतेचा. वैद्यकीय कुपी निर्जंतुक असते आणि एका पेशंटसाठी एकदाच उघडतात. तुमच्या ड्रॉवरमधल्या ट्यूबचं तोंड याआधी चपलेच्या तळाला, कपाच्या कानाला आणि रिमोटच्या झाकणाला लागून आलेलं असतं.

एक धोका तर घरोघरी होऊ शकतो आणि तो फारसा कुणाला माहीत नसतो. हा गोंद कापसाला किंवा सुती कापडाला लागला की अतिशय वेगाने घट्ट होतो आणि प्रचंड तापतो. कधी धूर निघतो, कातडी भाजते. रक्त पुसायला जखमेवर कापूस धरलेला, आणि त्याच कापसावर वरून गोंद ओतायचा, हे आपल्याकडे अगदी सहज होण्यासारखं आहे. एवढी एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

तेव्हा भावाने केलं ते चालतं का, तर नाही. पण त्याला बोलही लावू नका. रक्त बघून माणूस हाताशी असेल ते लावतो. आईंचं बोट या गोंदामुळे झडणार नाही. हजारो सुतार आणि वादक मंडळी स्वतःच्या बोटांवर हे करत आली आहेत आणि बहुतेकांचं निभावतं. माझी हरकत गोंदाच्या विषारीपणापेक्षा निराळ्या कारणाने आहे. गोंदाने जखम दिसेनाशी होते. आत काय आहे हे कुणी बघायच्या आधीच दार बंद होतं. भोपळ्याच्या सालीवरची माती, काचेचा कण, कापलेली नस, सगळं आत. वरून मात्र रेघ सुबक दिसते आणि घरचे निर्धास्त होतात.

जखमेत सगळ्यात महत्त्वाचं काम चिकटवण्याआधीचं असतं, आणि ते घरी उत्तम करता येतं. त्याला पैसे पडत नाहीत आणि म्हणूनच बहुधा त्याकडे दुर्लक्ष होतं.

पहिलं, दाब. स्वच्छ रुमाल किंवा गॉज जखमेवर ठेवून दहा मिनिटं दाबून धरायचं, हात छातीच्या वर उचलून. दहा मिनिटं म्हणजे घड्याळातली दहा मिनिटं. दर अर्ध्या मिनिटाला कापड उचलून ‘थांबलं का?’ बघितलं की नुकती धरलेली गुठळी सुटते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. ‘रक्त थांबतच नाही’ म्हणून येणाऱ्या बोटांपैकी बरीचशी, दाबून न ठेवता बघत बसल्यामुळे वाहत असतात. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर वेळ जास्त लागतो, पंधरा-वीस मिनिटं धरा. बोटाच्या बुडाशी दोरा, रबर बँड किंवा घट्ट चिंधी बांधू नका. ती विसरली जाते आणि बोट काळंनिळं पडतं. अंगठी असेल तर सूज यायच्या आत आधी काढा. उचंबळून उचंबळून उडणारं रक्त असेल तर दाब सोडू नका, तसेच दाबून निघा.

दुसरं, पाणी. वाहत्या नळाखाली चांगली पाच मिनिटं जखम धुवा. पिण्यालायक नळाचं पाणी त्यासाठी पुरतं. सलाईनने धुतलेल्या जखमांच्या तुलनेत त्यात पू होण्याचं प्रमाण वाढत नाही, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. जखमेच्या आजूबाजूला साबण चालेल. आपल्याकडे ‘जखमेला पाणी लागू देऊ नको, पू होईल’ ही समजूत इतकी घट्ट आहे की शिकलेली माणसंही मातीने भरलेला गुडघा कोरडाच घेऊन येतात. पाण्याने पू होत नाही. न धुतलेल्या घाणीने होतो. आंबट खाल्ल्यानेही होत नाही, भाताने तर नाहीच. डेटॉल न मिसळता तसंच ओतणं, हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस, स्पिरिट, हे सगळं जंतूंबरोबर तुमच्या नव्या पेशीही जाळतं. बिटाडिन कडेला लावा, एकदा. जखमेच्या आत वारंवार ओतू नका.

हळदीवर माझा राग नाही. पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते, आणि ती भरली की कडा, खोली, रंग काहीच दिसत नाही. कॉफी पूड, चुना, टूथपेस्ट यांचंही तेच. ते सगळं मला नंतर खरवडून काढावं लागतं आणि तेव्हा पेशंट मला शिव्या घालतो. शेतात कापलं की दगडी पाला चुरगळून लावतात. रक्त थांबतं, हेही खरं. पण त्या पाल्याबरोबर माती जाते, आणि धनुर्वाताचे बीजाणू मातीत नि शेणातच असतात. गंजलेल्या लोखंडाला आपण उगाच बदनाम केलंय. गंजाने धनुर्वात होत नाही, त्यावरच्या मातीने होतो.

धुवून झाल्यावर, उजेडात, जखम पाहा. इथे ठरवायचं की ही जखम मिटवायला काही हवं आहे का. घरात होणाऱ्या बहुतेक लहान कापांच्या कडा आपोआप एकमेकींना टेकलेल्या असतात. त्यांना गोंद नको, टाका नको. साधं बँडेज पुरतं. (त्या बँडेजची कथाही स्वयंपाकघरातलीच आहे. जॉन्सन अँड जॉन्सनमध्ये कापूस खरेदीचं काम करणाऱ्या अर्ल डिक्सन यांची बायको जोसेफिन स्वयंपाक करताना सारखी कापून घ्यायची. तिला एकटीला लावता यावी म्हणून १९२० मध्ये त्यांनी चिकटपट्टीवर गॉजचे तुकडे लावून ठेवले.) ज्या जखमेच्या कडा फाकतात, तिला मिटवायला काहीतरी लागतं. आणि फाकणाऱ्या जखमांपैकी ज्यांना गोंद योग्य, अशा थोड्या असतात.

दवाखान्यात मी गोंद कुठे वापरतो ते सांगतो, म्हणजे हिशेब कळेल. सगळ्यात छान जागा म्हणजे लहान मुलाचं कपाळ. टेबलाच्या कोपऱ्यावर आपटून सरळ रेघ फुटलेली असते. तिथे ताण नाही, कातडी पातळ आणि कोरडी, रक्तपुरवठा भरपूर. भुलीची सुई नाही, टाके काढायला परत येणं नाही. दिसायला टाक्यांइतकंच चांगलं भरतं, आणि मूल दवाखान्यात यायला घाबरत नाही, हा फायदा मला सगळ्यात मोठा वाटतो. टाक्यांच्या मानाने गोंद लावलेली जखम पुन्हा उघडण्याचं प्रमाण थोडं जास्त असतं, हे आई-बाबांना आधीच सांगतो. डोक्याला, केसांमध्ये कापलं असेल तर दोन्ही बाजूंच्या केसांच्या बटा एकमेकींत पिळून त्या पिळावर गोंदाचा एक थेंब टाकायचा, जखमेवर नाही. सिंगापूरच्या डॉक्टरांनी रूढ केलेली ही युक्ती. केस कापावे लागत नाहीत, टाकाही नाही. अर्थात मूल डोक्यावर पडलंय, तर आधी ते बेशुद्ध झालं होतं का, उलट्या झाल्या का, झोपाळलंय का हे बघतो. कपाळाची रेघ त्यानंतर.

आणि कुठे वापरत नाही? गुडघा, कोपर, बोटाचं पेर, म्हणजे जिथे कातडी सतत ताणते. तळहात, तळपाय, काख, ओठाच्या आतलं मऊ अस्तर, जिथे ओल असते. पापणीजवळ तर फार सांभाळून. आत पिवळी चरबी दिसतेय अशी खोल जखम, साधारण चार-पाच सेंटिमीटरहून लांब, किंवा वेडीवाकडी फाटलेली. खिळा टोचल्याचं भोक. ते वरून बंद केलं की आत जंतूंना बंद खोलीच मिळते. काच फुटून लागलेलं असेल तर एक्स-रे आधी. सहा-आठ तास उलटून गेलेली हातापायाची जखम बंद करताना मी विचार करतो. चेहऱ्याला जास्त सवलत आहे, जवळपास दिवसभराची. संक्रांतीच्या दिवसांत नायलॉन मांजाने कापलेले गळे आणि बोटं येतात. हरित लवादाने २०१७ मध्ये बंदी घालूनही येतात. तो काप वरून बारीक दिसतो आणि खोल असतो. गळ्याचा असेल तर घरी काहीही न करता, दाबून धरून, सरळ मोठ्या दवाखान्यात.

चावा वेगळाच विषय. कुत्रा, मांजर, माकड चावलं असेल तर गोंदाचा विचारही नको. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि रेबीजच्या लशीसाठी त्याच दिवशी जा. ती जखम शक्यतो उघडीच ठेवतात.

आता घरात ट्यूब ठेवावी का. मावसबहिणीकडे जे आहे ते बहुधा दुकानात मिळणारं ‘लिक्विड बँडेज’ असेल. ते खरचटल्यावर, वरवरच्या कापावर, भेगांवर पातळ पापुद्रा करायला असतं. फाकलेल्या जखमेच्या कडा धरून ठेवणारा गोंद तो नव्हे. तसा गोंद तिकडेही डॉक्टरच्या हातातच असतो. लोकांच्या मनात हे दोन्ही एक होतात.

तुमच्या घरासाठी माझं उत्तर ‘नको’ असं आहे, आणि त्याला एक अगदी घरगुती कारण आहे. स्वयंपाकघरात कापलं जाणारं बोट दिवसभर पाण्यात असतं. भांडी, भाजी धुणं, कणीक मळणं. गोंदाचा पापुद्रा कोरड्या कपाळावर पाच ते दहा दिवस टिकतो आणि आपणहून सुटतो. त्या बोटावर तो दोन दिवसांत कडेने उचलला जाईल, कणकेचे कण खाली अडकतील, आणि आई तो पुन्हा चिकटवायला जातील. त्यापेक्षा औषधाच्या दुकानात जखम मिटवायच्या कागदी चिकटपट्ट्या मिळतात, त्या आणून ठेवा. कातडी पूर्ण कोरडी करून, काप मधोमध धरून पहिली पट्टी आडवी लावायची, मग दोन्ही टोकांकडे, मध्ये थोडं अंतर सोडून, म्हणजे ओल बाहेर येईल. चुकलं तर काढून पुन्हा लावता येतात. आत शंका वाटली तर उघडून बघता येतं. गोंदाला ही सोय नाही. वरून गॉज आणि कामाच्या वेळी हातमोजा. पट्टी बोटाभोवती गोल गुंडाळू मात्र नका.

जुन्या डॉक्टरांकडे टिंक्चर बेंझॉइनमध्ये भिजवलेल्या कापसाचं ‘सील’ पाहिलं असेल. वाफाऱ्याच्या पाण्यात घालतात तेच, लोबानाच्या डिंकाचं तपकिरी औषध. इंजेक्शनच्या किंवा बारीक शस्त्रक्रियेच्या जागेवर ते आजही लावतात. स्वच्छ, बारीक, मिटलेल्या छिद्रावर ते ठीक. फाकलेल्या जखमेत घातलं तर झोंबतं आणि फायदा शून्य.

टाचेच्या भेगांत फेविक्विक भरणारे पेशंट मला दर थंडीत भेटतात. बोटांच्या खोल, दुखऱ्या भेगांवर त्वचारोगतज्ज्ञ कधी कधी वैद्यकीय गोंद वापरतात, त्यामुळे ही कल्पना अगदीच वेडेपणाची नाही. पण कडक कातडीत कडक गोंद घातला की शेजारी नवी भेग पडते. रात्री पाय कोमट पाण्यात भिजवून, पुसून, व्हॅसलीन आणि मोजे. मधुमेह असेल तर पाय बुडवण्याआधी पाणी दुसऱ्याने हात घालून बघायचं, आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या.

मग जखमेचा गोंद घरी कुणी ठेवावा? सह्याद्रीत दोन-तीन दिवसांच्या वाटा तुडवणारे, रस्त्यापासून लांब वस्तीवर राहणारे, बोटीवर काम करणारे, आणि तेही ज्यांना एखाद्या डॉक्टरने समोर बसवून शिकवलंय असे. त्यांच्यासाठी पद्धत सांगतो. जखम दोन-तीन सेंटिमीटरच्या आतली, सरळ, स्वच्छ पात्याची, दोन बोटांनी हलकं सारल्यावर कडा टेकणारी. रक्त पूर्ण थांबलेलं. ओल्या रक्तावर गोंद क्षणात घट्ट होतो आणि कडांऐवजी रक्तालाच चिकटतो. धुतलेली, मग कोरडी केलेली. कुपी निर्जंतुक आणि जखमांसाठीच बनवलेली. एकाने कडा जुळवून धरायच्या, दुसऱ्याने वरून अगदी पातळ थर फिरवायचा, दोन्ही बाजूंना अर्धा सेंटिमीटर पसरेल असा. आत एक थेंबही जाता कामा नये. आत गेलेला गोंद कडांमध्ये भिंत होऊन बसतो आणि जखम भरू देत नाही. अर्ध्या मिनिटाने दुसरा पातळ थर, मग तिसरा. एकच जाड थर ओतला तर तो जास्त तापतो, उशिरा सुकतो आणि ओघळतो. शेवटच्या थरानंतर मिनिटभर कडा तशाच धरून ठेवायच्या. फुंकर घालायची नाही. तोंडातले जंतू जखमेवर पाठवायची ही प्रेमळ पद्धत आहे.

लावल्यावर त्यावर मलम नको. बिटाडिनचं मलम, व्हॅसलीन, खोबरेल, काहीही. स्निग्ध पदार्थाने गोंद मऊ होऊन सुटतो. हीच गोष्ट उलट उपयोगी पडते: चुकून दोन बोटं चिकटली तर व्हॅसलीन चोळून, कोमट साबणाच्या पाण्यात धरून हळूहळू लोळवत सोडवा, खेचू नका. नेलपॉलिश रिमूव्हर धडधाकट कातडीवर चालेल, जखमेवर किंवा डोळ्याजवळ कधीच नाही. पापण्या चिकटल्या तर ओढाताण न करता कोमट ओलं कापड ठेवून थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडे. दुसऱ्या दिवसापासून झटपट अंघोळ चालते, पण टिपून कोरडं करायचं, घासायचं नाही. पोहणं आणि भांडी बंद. पापुद्र्यावर चिकटपट्टी लावू नका, ती काढताना पापुद्राही येतो. पापुद्रा सुटला म्हणजे आत पक्कं झालं असंही नाही. आठवड्याची जखम अजून कच्ची असते, तीन महिन्यांनी ती मूळ कातडीच्या साधारण ८० टक्के मजबुतीला पोचते, त्यापलीकडे सहसा जात नाही.

राहिलं धनुर्वाताचं इंजेक्शन, कारण पुढचा प्रश्न तोच येतो. प्रत्येक खरचटण्याला सहा महिन्यांनी घ्यायची ती गोष्ट नाही. लहानपणीचे डोस पूर्ण झाले असतील तर स्वच्छ, लहान जखमेला शेवटच्या डोसनंतर १० वर्षं आणि मातीच्या किंवा खोल जखमेला ५ वर्षं उलटली असतील तरच घ्यायचं. आता टीटीऐवजी टीडी देतात, त्यात घटसर्पाचंही संरक्षण मिळतं. मोठ्या माणसांचा गोंधळ असा की शेवटचा डोस कधी घेतला हे कुणालाच आठवत नाही, आणि साठीच्या पुढच्या अनेकांचे लहानपणीचे डोस झालेलेच नसतात. तुमच्या आईंचं असंच असेल तर ‘तीन दिवस झाले, आता काय उपयोग’ म्हणू नका. उशिरा घेतलेलंही चालतं. आज बोट दाखवायला जाल तेव्हाच घ्या, तारीख लिहून ठेवा, उरलेले डोस कधी ते विचारा. आणि फेविक्विक लावलंय हे डॉक्टरांपासून लपवू नका. आम्ही रागावतो फार तर दोन मिनिटं. पण तो पापुद्रा कसला आहे हे माहीत असलं की तो न दुखवता कसा सोडवायचा ते ठरवता येतं.